सोनोग्राफी तंत्रज्ञ : प्रशिक्षणाची वाट आणि कायद्याची मर्यादा

बारावीचा निकाल लागला की तालुक्याच्या गावी एस. टी. स्थानकाच्या आसपासच्या भिंती वैद्यकीय तंत्रज्ञांच्या अभ्यासक्रमांच्या जाहिरातींनी भरून जातात. प्रयोगशाळा, क्ष-किरण, शस्त्रक्रियागृह यांच्या जोडीला अलीकडे ‘सोनोग्राफी’ हा शब्दही त्यांत ठळकपणे झळकतो. विज्ञान शाखेत मध्यम गुण मिळवणाऱ्या, वैद्यकीय महाविद्यालयाचे दार ज्याला उघडणार नाही अशा मुलाच्या किंवा मुलीच्या मनात साहजिकच आशा निर्माण होते. पालक शिक्षकांकडे विचारणा करतात. कधी सरपंचांकडे, कधी प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांकडे. या विचारणेला अचूक उत्तर मिळणे फार आवश्यक आहे. कारण येथे चुकीच्या सल्ल्याची किंमत केवळ वाया गेलेले शुल्क व वर्ष एवढीच नसते. सोनोग्राफीचे यंत्र अपात्र व्यक्तीने चालविणे हा आपल्या देशात कायद्याचा भंग ठरतो आणि त्याची परिणती कारावासापर्यंत जाऊ शकते.

मग सोनोग्राफी तंत्रज्ञ हा व्यवसाय अस्तित्वातच नाही काय? जगाच्या अनेक भागांत तो आहे, प्रतिष्ठितही आहे. भारतात मात्र त्याचे स्वरूप वेगळे आहे, आणि ते तसे का आहे हे समजण्यासाठी प्रथम या तंत्राची ओळख करून घेणे इष्ट ठरेल.

ध्वनीने पाहण्याची विद्या

सह्याद्रीच्या दरीत हाळी दिली असता समोरच्या कड्यावरून तिचा प्रतिध्वनी येतो. कडा जितका दूर तितका प्रतिध्वनीस विलंब अधिक. या विलंबावरून कड्याचे अंतर काढता येते. सोनोग्राफीचे मूळ तत्त्व याहून निराळे नाही. फरक इतकाच की येथे वापरला जाणारा ध्वनी माणसाच्या कानाला ऐकू येत नाही. मानवी कान दर सेकंदास सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा ध्वनी ऐकू शकतो. निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या ध्वनीची कंपने मात्र सेकंदास साधारणतः २० लाखांपासून दीड कोटीपर्यंत असतात. म्हणून यास श्राव्यातीत ध्वनी म्हणतात.

असा ध्वनी निर्माण करण्याची किल्ली सापडली ती १८८० मध्ये. फ्रान्समधील झाक क्युरी व पिएर क्युरी या बंधूंनी असे दाखवून दिले की क्वार्ट्झसारख्या काही स्फटिकांवर दाब दिला असता त्यांच्या पृष्ठावर विद्युतभार उत्पन्न होतो. याच्या उलटही घडते. स्फटिकास विद्युतदाब दिला की तो आकुंचन व प्रसरण पावतो, आणि हा दाब अतिशय वेगाने बदलत ठेवला तर त्याच्या कंपनांतून ध्वनी उमटतो. पहिल्या महायुद्धाच्या काळात पॉल लांजव्हँ या शास्त्रज्ञाने पाणबुड्यांचा माग काढण्यासाठी या गुणधर्माचा उपयोग केला. रुग्णांच्या सेवेत हे तंत्र स्थिरावण्यास पुढे बराच काळ गेला. ग्लासगो येथील प्रसूतितज्ज्ञ इयान डोनाल्ड यांनी जॉन मॅकव्हिकर व अभियंता टॉम ब्राउन यांच्यासह १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात पोटातील गाठींच्या तपासणीविषयीचा लेख प्रसिद्ध केला, आणि वैद्यकजगताचे लक्ष या नव्या साधनाकडे वेधले गेले. जहाजबांधणीच्या कारखान्यांत धातूंतील भेगा शोधण्यासाठी वापरली जाणारी यंत्रे हेच डोनाल्ड यांच्या प्रयोगांचे आरंभीचे साधन होते, ही गोष्ट मोठी कुतूहलाची आहे.

डॉक्टरांच्या हातातील जो भाग रुग्णाच्या अंगावरून फिरतो, ज्यास सर्वत्र ‘प्रोब’ म्हणतात, त्यात असेच स्फटिक बसविलेले असतात. ते क्षणभर ध्वनी सोडतात व नंतर प्रतिध्वनीची वाट पाहतात. शरीराच्या मऊ भागांतून ध्वनी सेकंदास सरासरी १,५४० मीटर वेगाने जातो, असे गृहीत धरून यंत्राची रचना केलेली असते. एक सेंटिमीटर खोलीवरून प्रतिध्वनी परत येण्यास सेकंदाच्या दहा लाख भागांपैकी केवळ १३ भाग लागतात. पंधरा सेंटिमीटर खोलीवरील अवयवाकडून उत्तर येण्यास सेकंदाचा सुमारे पाच हजारावा भाग पुरतो. म्हणूनच यंत्र एका सेकंदात हजारो वेळा ‘हाळी’ देऊ शकते, आणि पडद्यावर हृदयाची झडप उघडता-मिटताना दिसते.

द्रवातून प्रतिध्वनी येत नाही. त्यामुळे भरलेले मूत्राशय पडद्यावर काळे दिसते. हाड व खडा यांवरून ध्वनी जोराने परततो. ते पांढरेशुभ्र दिसतात आणि त्यांच्या मागे काळी सावली पडते. हवा ही तर या तंत्राची मोठी वैरीण. मऊ ऊती व हवा यांच्या सीमेवर जवळजवळ सर्व ध्वनी मागे फिरतो. प्रोब व त्वचा यांच्यामध्ये हवेचा पातळ थरही राहू नये म्हणून चिकट जेल लावण्यात येते. पित्ताशयाच्या तपासणीस उपाशीपोटी बोलावतात ते पित्ताशय भरलेले राहावे व आतड्यांतील वायू कमी असावा यासाठी. ओटीपोटाच्या तपासणीस भरपूर पाणी पिऊन यावयास सांगतात ते भरलेल्या मूत्राशयातून गर्भाशय खिडकीतून पाहावे तसे दिसावे यासाठी. या सूचना रुग्णांना अनेकदा कारणाशिवाय सांगितल्या जातात व त्यामुळे पाळल्या जात नाहीत. आशा कार्यकर्तीने किंवा शिक्षकाने दोन वाक्यांत कारण समजावून दिले, तर दूरच्या वाडीवरील स्त्रीची एक खेप वाचू शकेल.

हाताचे आणि नजरेचे शिक्षण

क्ष-किरण छायाचित्र एकदा काढले की ते कोणीही, कोठेही पाहिले तरी तेच असते. सोनोग्राफीचे तसे नाही. प्रोब किती अंशांनी वळवला, किती दाबला, रुग्णाला कोणत्या कुशीवर वळविले, यावर चित्र अवलंबून असते. एकाच रुग्णाच्या एकाच अवयवाची अनुभवी हाताने व नवख्या हाताने काढलेली चित्रे ही दोन वेगळ्या रुग्णांची वाटावीत इतकी भिन्न असू शकतात. यंत्राची किंमत वाढल्याने ही उणीव भरून निघत नाही, हे उपकरण खरेदीच्या प्रस्तावांवर स्वाक्षरी करणाऱ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

शिकणाऱ्यास म्हणूनच प्रथम शरीररचनेचा सखोल अभ्यास करावा लागतो, आणि तोही आडव्या, उभ्या व तिरप्या छेदांच्या रूपात. पुस्तकातील यकृताची आकृती पाठ असूनही पडद्यावरील यकृत ओळखू येत नाही, असा अनुभव बहुतेक सर्व विद्यार्थ्यांना येतो. त्यानंतर येते भौतिकशास्त्र. कंपनांची संख्या वाढविली तर चित्र अधिक बारकाईचे मिळते, पण ध्वनी खोलवर पोहोचत नाही. त्यामुळे पोटासाठी साधारणतः २० ते ५० लाख कंपनांचा प्रोब वापरतात, तर गळ्यातील थायरॉईड ग्रंथी, स्तन किंवा त्वचेलगतच्या रक्तवाहिन्या यांसाठी ७० लाखांहून अधिक कंपनांचा. रक्तप्रवाहाचा वेग मोजण्यासाठी क्रिस्तियान डॉपलर या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १८४२ मध्ये मांडलेल्या तत्त्वाचा आधार घेतला जातो. येणाऱ्या आगगाडीच्या शिटीचा सूर चढा व जाणाऱ्या गाडीचा उतरता का वाटतो, याचे स्पष्टीकरण देणारे हे तेच तत्त्व.

सर्वांत अवघड पाठ असतो तो पडद्यावरील फसवणूक ओळखण्याचा. ध्वनी दोन पृष्ठांमध्ये वारंवार आपटला तर एकाच रेषेच्या अनेक रेषा उमटतात. द्रवाच्या मागील भाग उगाचच उजळ दिसतो. वायूची सावली खड्याच्या सावलीसारखी भासू शकते. जे दिसते ते खरोखरच तेथे आहे काय, हा प्रश्न प्रत्येक चित्रास विचारण्याची सवय लागावी लागते व ती अनुभवी गुरूच्या शेजारी उभे राहून शेकडो रुग्ण तपासल्याखेरीज लागत नाही. पत्रव्यवहाराने किंवा केवळ चित्रफिती दाखवून ही विद्या देता येत नाही.

या कामाचे शारीरिक कष्टही आहेत. दिवसभर हात उचलून, मनगट वाकवून, मान पडद्याकडे वळवून काम केल्याने खांदा, मान व मनगट यांचे दुखणे हा या क्षेत्रातील सर्वपरिचित व्यावसायिक आजार ठरला आहे. चांगल्या संस्थांत बसण्याची व हात टेकविण्याची योग्य पद्धत आरंभीच शिकविली जाते.

अन्य देशांतील व्यवस्था

अमेरिकेत १९७० मध्ये या तंत्रज्ञांची पहिली व्यावसायिक संघटना स्थापन झाली. १९७५ मध्ये त्यांच्या परीक्षा घेऊन नोंदणी करणारी ‘अमेरिकन रजिस्ट्री फॉर डायग्नॉस्टिक मेडिकल सोनोग्राफी’ ही संस्था उभी राहिली. तेथे या व्यक्तीस केवळ तंत्रज्ञ न म्हणता ‘सोनोग्राफर’ म्हणतात. शालेय शिक्षणानंतर दोन वर्षांचा किंवा चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम, त्यातच रुग्णालयातील प्रत्यक्ष काम, नंतर ध्वनीचे तत्त्व व यंत्रज्ञान या विषयाची एक परीक्षा आणि उदर, स्त्रीरोग व प्रसूती, रक्तवाहिन्या, हृदय अशा एखाद्या विशेष शाखेची दुसरी परीक्षा, अशी साधारण वाट आहे. बहुतेक राज्यांत सरकारी परवान्याची सक्ती नाही. तथापि नोंदणी नसलेल्यास रुग्णालये सहसा कामावर घेत नाहीत. चित्रे काढण्याचे काम सोनोग्राफरचे. त्यांचा अर्थ लावून अहवालावर स्वाक्षरी करण्याचे काम डॉक्टरांचे.

ब्रिटनमध्ये बहुधा आधीच पात्र असलेले क्ष-किरण तंत्रज्ञ किंवा सुईणी पदव्युत्तर अभ्यासक्रम पूर्ण करून या कामाकडे वळतात आणि तेथील सोनोग्राफर अनेकदा अहवालही स्वतःच लिहितात. याचा अर्थ असा की, डॉक्टर नसलेली पण योग्य शिक्षण घेतलेली व्यक्ती हे काम उत्तम प्रकारे करू शकते याबद्दल शास्त्रीयदृष्ट्या फारसा वाद नाही. भारतातील निर्बंधाचे कारण तंत्रज्ञांच्या बुद्धीबद्दलची शंका हे नव्हे. ते कारण सामाजिक आहे.

महाराष्ट्रात कायदा का आला

मुलगाच हवा या हव्यासापोटी गर्भाचे लिंग पाहून मुलीचा गर्भ काढून टाकण्याचा प्रकार १९८० च्या दशकात मुंबईसारख्या शहरांत वाढीस लागला. त्या वेळी त्यासाठी मुख्यतः गर्भजल तपासणीचा वापर होत असे. स्त्री संघटना, डॉक्टर व कार्यकर्ते यांनी केलेल्या आंदोलनानंतर महाराष्ट्राने १९८८ मध्ये प्रसवपूर्व निदान तंत्रांचे नियमन करणारा कायदा केला. असा कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य होय. त्यापुढे संसदेने १९९४ मध्ये संपूर्ण देशासाठी कायदा संमत केला व तो १ जानेवारी १९९६ पासून अमलात आला.

पण दरम्यान साधन बदलले होते. सुईने गर्भजल काढण्याची आवश्यकता उरली नव्हती. सोनोग्राफीची यंत्रे स्वस्त, सुटसुटीत झाली आणि लहान शहरांपर्यंत पोहोचली. कायद्याची अंमलबजावणी होत नाही अशी तक्रार घेऊन मुंबईची ‘सेहत’ व पुणे जिल्ह्यातील ‘मासूम’ या संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज यांनी २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. न्यायालयाच्या आदेशांमुळे यंत्रांच्या नोंदणीस वेग आला, कायद्यात सुधारणा झाली आणि १४ फेब्रुवारी २००३ पासून तो ‘गर्भधारणापूर्व व प्रसवपूर्व निदान तंत्रे (लिंग निवडीस प्रतिबंध) अधिनियम’ या नावाने ओळखला जाऊ लागला. जनगणनेचे आकडे या सर्व घडामोडींची पार्श्वभूमी स्पष्ट करतात. महाराष्ट्रात ० ते ६ वर्षे वयोगटात दर हजार मुलांमागे १९९१ मध्ये ९४६ मुली होत्या. २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४. कायदा झाल्यानंतरच्या काळातही आकडा घसरतच राहिला, ही गोष्ट कागदावरील तरतूद व प्रत्यक्ष आचरण यांतील अंतर दाखविणारी आहे.

या कायद्याचा रोख तंत्रावर नसून त्याच्या गैरवापरावर आहे. वार कोठे आहे, गर्भ गर्भाशयाबाहेर तर रुजला नाही ना, जुळे आहे काय, बाळ आडवे किंवा पायाळू आहे काय, त्यात काही व्यंग आहे काय, हे प्रसूतीपूर्वी कळल्याने मातांचे व बालकांचे प्राण वाचतात. २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेस गर्भवतींची विनामूल्य तपासणी ठेवण्यात आली, तीही याच हेतूने. कायदा सोनोग्राफी बंद करीत नाही. ती कोठे, कोणी व कोणत्या कारणासाठी करावी हे तो ठरवितो.

‘कोणी’ या प्रश्नाचे उत्तरच तंत्रज्ञ होऊ इच्छिणाऱ्यांसाठी निर्णायक आहे. नियमांनुसार नोंदणीकृत केंद्रात सोनोग्राफी करणारी व्यक्ती ही मान्यताप्राप्त आधुनिक वैद्यकीय अर्हता असलेली डॉक्टर असावी लागते, आणि तिच्याजवळ या विषयातील पदव्युत्तर पदवी वा पदविका तरी असावी लागते किंवा तिने २०१४ च्या नियमांप्रमाणे सहा महिन्यांचे प्रशिक्षण तरी पूर्ण केलेले असावे लागते. हे प्रशिक्षण ३०० तासांचे असून त्यात सिद्धांत, प्रत्यक्ष कौशल्य आणि केलेल्या तपासण्यांची नोंदवही यांचा समावेश आहे. या प्रशिक्षण नियमांचा वादही न्यायालयांत गेला. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये त्यांविरुद्ध निर्णय दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये त्या निर्णयास स्थगिती दिली.

‘सहा महिने’ या दोन शब्दांमुळे ग्रामीण भागात बराच गोंधळ संभवतो. सहा महिन्यांचे हे प्रशिक्षण एम. बी. बी. एस. झालेल्या डॉक्टरांसाठी आहे. बारावी उत्तीर्ण विद्यार्थ्याने एखाद्या खाजगी वर्गात सहा महिने घालविले, तर मिळणाऱ्या प्रमाणपत्राने त्यास प्रोब हाती घेण्याचा कोणताही अधिकार प्राप्त होत नाही. प्रमाणपत्र कितीही रंगीत असले तरी!

कायद्याच्या शिक्षाही येथे नमूद करणे योग्य ठरेल. पहिल्या अपराधास तीन वर्षांपर्यंत कारावास व दहा हजार रुपयांपर्यंत दंड. पुन्हा अपराध केल्यास पाच वर्षांपर्यंत कारावास व पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड. अपराध दखलपात्र, अजामीनपात्र व आपसात न मिटविता येण्याजोगा आहे. गर्भाचे लिंग शब्दाने, खुणेने किंवा अन्य कोणत्याही रीतीने सांगण्यास मनाई आहे, आणि ही मनाई केवळ डॉक्टरांना नाही. केंद्रातील सेवकाने पेढा की बर्फी अशा सांकेतिक शब्दांत निरोप दिला तरी तो अपराधच होय.

तंत्रज्ञाचे खरे स्थान

इतके सांगितल्यावर असे वाटणे शक्य आहे की, सोनोग्राफी विभागात डॉक्टरांखेरीज कोणाचीच गरज नाही. वस्तुस्थिती तशी नाही. गर्दीच्या रुग्णालयात एका दिवसात अनेक रुग्ण येतात. त्यांची ओळख पटविणे, तपासणीचे कागद पाहणे, रुग्णाची तयारी झाली आहे काय याची खात्री करणे, प्रत्येक रुग्णानंतर प्रोब स्वच्छ व निर्जंतुक करणे, चित्रे जतन करणे, यंत्राच्या तारा, वीजदाब व देखभाल यांकडे लक्ष ठेवणे, ही कामे प्रशिक्षित हातांनीच व्हावी लागतात. प्रोबचे स्फटिक नाजूक असतात. तो एकदा हातातून पडला की मोठी रक्कम जमिनीवर सांडली असे समजावे.

यांपेक्षाही महत्त्वाचे काम नोंदींचे आहे. गर्भवतीच्या प्रत्येक तपासणीसाठी ‘एफ’ नमुना भरावा लागतो. त्यात तिचे नाव, वय, पत्ता, हयात मुले व मुली, कोणी पाठविले, तपासणी कोणत्या वैद्यकीय कारणासाठी, यांची माहिती असते. अशी २३ कारणे नमुन्यात दिलेली आहेत. गर्भाचे लिंग जाणून घेण्याची आपली इच्छा नाही असे स्त्रीचे निवेदन आणि आपण ते पाहिलेले वा सांगितलेले नाही असे डॉक्टरांचे निवेदन त्यास जोडलेले असते. महिन्याचा अहवाल पुढील महिन्याच्या ५ तारखेपर्यंत समुचित प्राधिकाऱ्याकडे जावा लागतो आणि नोंदी दोन वर्षे जपून ठेवाव्या लागतात. या कागदांतील उणीव म्हणजे केवळ कारकुनी चूक, असा युक्तिवाद प्रसूती व स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने सर्वोच्च न्यायालयात केला होता. ३ मे २०१९ रोजी न्यायालयाने तो अमान्य केला व संबंधित कलमे वैध ठरविली. लिंगनिदानाचा प्रकार बंद खोलीत घडतो. त्याचा मागोवा घेण्यास कागदाशिवाय दुसरे साधन बहुधा नसते, हे लक्षात घेतले तर हा कडकपणा समजू शकतो. अर्थात नमुन्यावरील अंतिम जबाबदारी डॉक्टरांची व केंद्राची असते. तरी तो रोज काळजीपूर्वक भरून घेणारा सहायक चांगल्या केंद्राचा आधारस्तंभ ठरतो.

ज्या विद्यार्थ्यास शरीराच्या आत पाहण्याच्या या शास्त्राचे खरोखर आकर्षण आहे, त्याने एकट्या सोनोग्राफीचा विचार न करता वैद्यकीय प्रतिमाशास्त्राच्या संपूर्ण क्षेत्राचा विचार करावा हे श्रेयस्कर. क्ष-किरण, सी. टी. स्कॅन, एम. आर. आय., स्तनांची क्ष-किरण तपासणी ही यंत्रे प्रामुख्याने तंत्रज्ञच चालवितात व तेथे त्यांना कायद्याने मान्य असे स्वतंत्र स्थान आहे. शासकीय रुग्णालयांतही क्ष-किरण तंत्रज्ञाची पदे असतात. त्यासाठी विज्ञान शाखेतून बारावी उत्तीर्ण झाल्यावर क्ष-किरण व प्रतिमाशास्त्रातील पदवी किंवा पदविका घेता येते. राज्यातील आरोग्यविषयक महाविद्यालयांसाठी नाशिक येथे १९९८ मध्ये महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची स्थापना झाली असून परावैद्यकीय अभ्यासक्रमांच्या चौकशीसाठी ते पहिले ठिकाण समजावे. अशा अभ्यासक्रमांत सोनोग्राफीची तत्त्वे व यंत्राची ओळख शिकविली जाते. ती शिकणे मुळीच निषिद्ध नाही. क्ष-किरणांचा धोका मात्र वेगळ्या जातीचा आहे. किरणोत्सर्गापासून कर्मचाऱ्यांचे व जनतेचे संरक्षण व्हावे म्हणून १९८३ मध्ये स्थापन झालेले अणुऊर्जा नियामक मंडळ या यंत्रांवर देखरेख ठेवते, आणि अंगावर पडलेला किरणोत्सर्ग मोजणारा बिल्ला तंत्रज्ञास छातीवर लावावा लागतो. श्राव्यातीत ध्वनीस असा बिल्ला लागत नाही. तरीही आवश्यकतेपेक्षा अधिक वेळ व अधिक शक्तीने तो वापरू नये हा दंडक सर्वत्र पाळला जातो, कारण ध्वनीमुळे ऊती किंचित तापतात.

एका नव्या घडामोडीची नोंद घेणे येथे अगत्याचे आहे. संसदेने २०२१ मध्ये संलग्न व आरोग्यसेवा व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाची तरतूद करणारा कायदा केला. डॉक्टर, परिचारिका, दंतवैद्य व औषधनिर्माते यांखेरीजच्या अनेक व्यवसायांना त्यामुळे प्रथमच एकत्रित वैधानिक ओळख प्राप्त झाली. राष्ट्रीय पातळीवर आयोग, राज्यांत परिषदा, व्यावसायिकांची नोंदवही, अशी त्याची रचना आहे. पदविका वा पदवीसाठी किमान २,००० तासांचे आणि वरच्या श्रेणीच्या व्यावसायिकासाठी किमान ३,६०० तासांचे शिक्षण त्यात अपेक्षिले आहे. या कायद्याच्या अनुसूचीत प्रतिमाशास्त्रातील व्यावसायिकांच्या यादीत क्ष-किरण, सी. टी. व एम. आर. आय. तंत्रज्ञांच्या बरोबरीने निदानीय सोनोग्राफरचाही उल्लेख आहे. व्यवसायाचे नाव एका कायद्याने घेतले आणि यंत्र चालविण्याचा अधिकार दुसऱ्या कायद्याच्या नियमांनी डॉक्टरांपुरता ठेवला, असा हा पेच आहे. अनुसूचीतील उल्लेखाने लिंगनिवड प्रतिबंधक कायद्यातील अर्हतेची अट आपोआप शिथिल होत नाही, हे विद्यार्थ्यांना स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

या पेचाची दुसरी बाजूही दुर्लक्षिण्यासारखी नाही. यंत्र आहे, पण ते चालविणारा पात्र डॉक्टर नाही, अशी स्थिती दुर्गम भागातील रुग्णालयांत उद्भवते. २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार एका डॉक्टरास एका जिल्ह्यात अधिकांत अधिक दोनच केंद्रांत नाव नोंदविता येते व त्याच्या वेळाही नोंदवाव्या लागतात. यंत्र एका गावाहून दुसऱ्या गावी उचलून नेण्यासही कडक मर्यादा आहेत. गैरव्यवहार रोखण्यासाठी हे आवश्यक होते. पण डोंगरातील वाडीवरून निघालेल्या गर्भवतीला मात्र त्यामुळे लांबचा प्रवास घडतो. तंत्रज्ञांना मर्यादित स्वरूपात, विशेषतः गर्भाशी संबंध नसलेल्या तपासण्यांपुरता, अधिकार द्यावा असा एक विचार यातून मांडला जातो. त्यावर आक्षेप असा की, पोटासाठी घेतलेला प्रोब गर्भाशयावर ठेवण्यास क्षणही लागत नाही. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. तूर्त तरी उपलब्ध असलेला मार्ग म्हणजे ग्रामीण रुग्णालयांतील अधिकाधिक वैद्यकीय अधिकाऱ्यांना सहा महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी पाठविणे, आणि पंचायत समिती वा जिल्हा परिषदेच्या सदस्यांना याविषयी आग्रह धरता येईल.

प्रवेशापूर्वी करावयाची चौकशी

शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी पालकांना काही साध्या गोष्टी विचारावयास शिकवावे. अभ्यासक्रम कोणत्या विद्यापीठाचा वा मंडळाचा आहे? संस्थेचे स्वतःचे किंवा लेखी कराराने जोडलेले रुग्णालय कोणते? आठवड्यातून किती तास विद्यार्थी प्रत्यक्ष रुग्णसेवेत असतात? मिळणाऱ्या पदविकेच्या आधारे कोणती यंत्रे चालविता येतील व कोणती येणार नाहीत? शेवटच्या प्रश्नाला संस्था टाळाटाळ करीत असेल, तर शुल्क भरण्याची घाई करू नये. परदेशी नोकरीचे आमिष दाखविले जात असेल, तर त्या देशाच्या नोंदणी संस्थेस हा अभ्यासक्रम मान्य आहे काय, हे त्या संस्थेकडूनच विचारून घ्यावे.

नोकरी लागल्यावरही एक प्रश्न उरतो. गर्दीच्या वेळी, ‘डॉक्टर येईपर्यंत तू जरा पाहून घे’ असे मालकाने सांगितले तर? नव्या कर्मचाऱ्यास नकार देणे कठीण जाते. अशा वेळी केंद्राच्या दर्शनी भागी लावलेले नोंदणी प्रमाणपत्र त्याच्या उपयोगी पडेल. केंद्राची नोंदणी पाच वर्षांसाठी असते, आणि कायद्याची प्रतही केंद्रात उपलब्ध ठेवणे बंधनकारक आहे. तंत्रज्ञास ती मागून वाचता येते. गैरप्रकाराची तक्रार जिल्ह्याच्या समुचित प्राधिकाऱ्याकडे लेखी देता येते, आणि तशी ती देण्यास गावातील कोणीही नागरिक पात्र आहे.